तारा काढलेल्या बाटल्या

"बाटली या घरात आणू नकोस. आणि आणलीसच, तर लेकरू रांगतं तिथे तरी ठेवू नकोस," असं भीमाबाईंनी सांगितलं होतं. प्राची तेव्हा आरशासमोर वेणी घालत होती. दातांत धरलेली पिन तिने केसांत खोचली आणि म्हणाली, "आई, ती देशी नाही. इटलीत लोक जेवणाबरोबर पाण्यासारखी घेतात." एवढं बोलून ती तुकोगंजला कामावर निघून गेली. सासूचा सल्ला आणि रस्त्यात हातात कोंबलेलं हँडबिल, दोन्हींची ती तेव्हा सारखीच घडी करत असे.

भीमाबाई म्हणजे तिच्या नवऱ्याची, अश्वजितची, आई. इंदूरच्या एका कापडमिलच्या वाइंडिंग खात्यात त्यांनी तरुणपणापासून सूत गुंडाळलं. सासरे नथू त्याच मिलमध्ये ब्लीचिंगला होते, ते वारले. मग अश्वजित फिटर म्हणून लागला, जरा कुठे बूड टेकतंय तोच मिलला कुलूप. शेजारच्या मिलही एकामागून एक बसल्या. त्यांच्या नंदानगर वस्तीतले पुरुष तरीही सकाळी उठून दाढी करत, आणि दाढी करून ओट्यावर बसत. अश्वजितला पीथमपूरला ठेकेदाराकडे काम मिळालं, पण ते आज असलं तर उद्या असेलच असं नव्हतं. पोरगी तेव्हा नुकती रांगायला लागलेली. आजीने तिचं नाव धम्मदीना ठेवलं होतं, प्राची तिला नुसतं दीना म्हणे, आणि त्या अर्ध्या नावावरूनही घरात कुरबुर झालेली होती.

प्राची बी.एस्सी. होती. वडील महूच्या छावणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. घरात कँटीनची रम येई आणि तशीच सीलबंद कोणाला तरी देऊन टाकली जाई. म्हणजे बाटली घरात असण्याचं तिला भय नव्हतं. भय होतं ते घर चालवायला दुसरं काही नसण्याचं.

तुकोगंजमधल्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर अच्युत रेगे यांनी ऑफिस थाटलं होतं. त्यांचे पणजोबा होळकरांच्या दफ्तरात होते, आणि ही गोष्ट ते आल्यागेल्याला पाणी विचारावं तशी विचारण्याआधीच देत. बाहेरचा माल आणायला आता सरकारने दारं उघडली होती. अच्युतजींनी इटलीची फसफसणारी वाइन मागवली होती, शँपेनसारखी दिसणारी पण तिच्या मानाने स्वस्त. ती हॉटेलवाल्यांना, लग्नाच्या केटररना चाखवून समजावून सांगायला त्यांना शिकलेली, धीट बाई हवी होती. प्राचीचं आडनाव ऐकून त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"छान. म्हणजे घरून प्रॉब्लेम नाही. तुमच्यात चालतं ना हे सगळं?"

"आमच्यात पाचवं शील आहे, सर. मद्य घ्यायचं नाही. तुमच्यात काय आहे ते मला माहीत नाही."

अच्युतजी हसले. असली जीभ माल खपवेल असं त्यांना वाटलं असावं. नोकरी मिळाली. पण त्या दिवसापासून त्यांनी तिला कधी आपल्या कपातून चहा दिला नाही, आणि तिनेही स्वतःचा कप घरून नेला.

काम तिला अवघड गेलं नाही, कारण तिचं नाक तल्लख होतं. त्या इटलीच्या वाइनमधली प्रोसेक्को नाकाशी नेली की हिरवं सफरचंद आणि बब्बूगोशा नासपती, आणि घोटाच्या शेवटी मोसंबीच्या सालीचा बारीक कडवटपणा. आस्ती गोड, हलकी, मोगऱ्याच्या गजऱ्यात गुंडाळलेल्या द्राक्षांसारखी. लाम्ब्रुस्को लाल, तिचा फेससुद्धा जांभळासारखा. ही स्वस्त का, हेही तिने समजून घेतलं. शँपेनचा फेस एकेका बाटलीत वेगळा तयार होतो, बाटल्या महिनोन्महिने पडून राहतात, त्यांना फिरवावं लागतं. प्रोसेक्को मात्र एका मोठ्या बंद पोलादी टाकीत एकदमच फसफसवतात आणि मग भरतात. सासरे ज्या बंद भट्टीत मिलचं कापड उकळायचे तिच्याबद्दल तिने ऐकलं होतं, म्हणून तिला ते चित्र लगेच दिसलं. हॉटेलवाल्यांना ती सांगे, स्वस्त म्हणजे वाईट नाही. बुडबुडा बघा. सोड्यासारखा नाकात घुसला तर माल हलका. बारीक असेल, जिभेवर पसरून मग विरत असेल, तर घ्या. काजूबिजू ठेवू नका, कचोरी ठेवा, थंडीत तळलेला गराडू कंद ठेवा. तळलेलं खारट तोंडात असलं की हिची खरी गंमत कळते.

आणि उघडायची कशी, हे सगळ्यात आधी. बाटली आधी बर्फात, सराफ्यातला कुल्फीवाला घालतो तसं खडेमीठ घालून. बुचावरची तारेची टोपी सैल केली की अंगठा बुचावरून हलवायचा नाही. बूच धरून ठेवायचं, बाटली फिरवायची. आवाज झालाच तर उसाशाएवढा. गरम बाटलीच्या तोंडावर कोणी तोंड नेऊ नये, कारण आत ट्रकच्या चाकात असते तेवढी हवा असते.

घोट मात्र ती गिळत नसे. स्टीलची पिकदाणी बाजूला असे, त्यात थुंकायचं. जगभर वाइन चाखणारे असंच करतात. हे तिने घरी सांगितलं तेव्हा भीमाबाई म्हणाल्या, "पैशे घेऊन थुंकते? ऐसा काम तो मैंने मिल में भी नहीं सुना."

त्यांनी विश्वास ठेवला नाही तो नाहीच. पोरगी अजून अंगावर पीत होती. संध्याकाळी प्राची दारात आली की भीमाबाई दीनाला काखेत घेऊन उंबऱ्यावर उभ्या राहत आणि म्हणत, तोंड उघड. पहिल्या दिवशी प्राचीला ती थट्टा वाटली. मग रोज. तोंड उघडायचं, श्वास सोडायचा. वास आला तर, आणि तो थोडा येणारच, आंघोळ करून चूळ भरून येईपर्यंत पोर मिळत नसे. आतून दीना हात पसरून रडे, प्राचीचं पोलकं ओलं होई, आणि गल्लीतल्या बायका तांदूळ निवडायचं सोडून बघत. एकदा तिने म्हटलं, आई, मी तिची आई आहे. त्यावर भीमाबाई गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, आई आहेस तर आईसारखी वासाची ये.

प्राचीही काही कमी नव्हती. मिलमधल्या जुन्या बायका कामावर जाताना पोरांना झोपवायला अफूची गोळी चाटवत, असं तिने ऐकलं होतं. दीना दुपारी फार वेळ झोपते असं द्वारकाबाईंकडून, म्हणजे शेजारणीकडून, कळल्यापासून ती घरी आली की पोरीचं तोंड हुंगे, पापण्या वर करून बघे, उगाळलेली बाळगुटी जिभेला लावून बघे. एकदा भीमाबाईंनी तिला ते करताना पकडलं. तीन पोरं वाढवलेल्या बाईला तो अपमान कायमचा लागला. आता त्या घरात दोन बायका होत्या आणि दोघी एकमेकींचा संशय नाकाने घेत होत्या.

भांडणाला निमित्त लागत नसे. हॉटेलात ग्लास पावडरने धुऊन उपडे घालतात, त्यात ओतलेली वाइन मेल्यासारखी दिसते. सुती फडक्याने ग्लास पुसला की कापसाचा न दिसणारा तंतू काचेला राहतो आणि त्यावरून बुडबुड्यांची माळ उठते, हे प्राचीला उमगलं तेव्हा तिने पेटीतलं कोरं मांजरपाट फाडून नेलं. ते मिलच्या दुकानातलं शेवटचं कापड होतं. भीमाबाईंनी ते स्वतःच्या अंगावर घालायला राखून ठेवलेलं, म्हणजे गेल्यानंतर. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. अश्वजित दोघींच्या मध्ये बसून पोळी मोडत राहिला आणि म्हणाला, "छोड़ो ना यार, कपडाच तर आहे." त्याच्यावर दोघीही तुटून पडल्या. त्या घरात दोघींचं एकमत झालेलं तेवढंच.

तरी व्यवहार चालू होता, कारण दुसरा मार्ग नव्हता. प्राची कामावर गेली नाही तर चूल थंड, आणि भीमाबाईंनी पोर सांभाळली नाही तर प्राची कामावर जाणार कशी? ही गोष्ट दोघींना पक्की ठाऊक होती. भीमाबाई तर तिचा पुरेपूर उपयोग करत. महिन्यातून दोनदा तरी त्या पिशवी भरून दारात ठेवत आणि म्हणत, मी चालले महूला बहिणीकडे, ठेव तुझी पोर इटलीत.

वैशाखी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, अच्युतजींच्या ऑफिसातला फ्रिज बंद पडला. सोमवारी सकाळी एका मोठ्या हॉटेलात वाइन चाखवायची होती, आणि ऑफिस त्याआधी उघडणार नव्हतं. त्यांनी सहा बाटल्या प्राचीच्या रिक्षात ठेवल्या आणि वर सांगितलं, बघा हं, घरी कमी व्हायला नकोत. प्राचीने ते गिळलं. घरी येऊन तिने बाटल्या ओल्या पोत्यात गुंडाळल्या आणि खाटेखाली, भिंतीकडे सरकवल्या. खोली ती एकच गार होती. दीनाही तिथेच रांगायची.

भीमाबाईंनी खाटेखाली वाकून बघितलं. या वेळी त्यांचा आवाज चढला नाही, आणि म्हणूनच प्राचीला तो जास्त लागला. उद्या भंतेजी येणार, घरात वंदना होणार, गल्लीतल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून या खाटेसमोर बसणार. पाचवं शील मी कोणत्या तोंडाने म्हणू, असं त्यांनी विचारलं.

"शील पिण्याबद्दल आहे, आई. ठेवण्याबद्दल नाही."

"वा. शिकलीस त्याचा हा उपयोग."

प्राची म्हणाली, बाटल्या सोमवारी सकाळी जातील, तोवर कोणी हात लावायचा नाही. एक फुटली तर माझी नोकरी जाईल, आणि मग तुमच्या भंतेजींना खीर कशाची करणार ते सांगा. अश्वजित चपला घालता घालता म्हणाला, "एक दिन का तो सवाल है." हे त्याने कोणाला म्हटलं ते दोघींनाही कळलं नाही. तो शिफ्टला निघून गेला.

सकाळी ऊन चढायच्या आत प्राची चौकात बर्फाच्या गाडीवर गेली. पोतं कोरडं पडत होतं, बाटल्या हाताला कोमट लागत होत्या, आणि तिला त्याची धास्ती होती. दीना झोपलेली होती. बर्फवाल्याकडे पौर्णिमेची गर्दी, सगळ्यांना सरबताला बर्फ हवा होता. परत येईपर्यंत ऊन अंगणात उतरलं होतं.

भीमाबाई मागच्या अंगणातल्या मोरीपाशी पांढरी साडी नेसून बसल्या होत्या. सहाही बाटल्या उन्हात ओळीने उभ्या. आता इथे त्या बाईची सवय समजून घ्यायला हवी. वाइंडिंगमध्ये एक नग पुरा करून दुसरा घेत नाहीत. एक क्रिया सगळ्या नगांवर करायची, मग दुसरी. भीमाबाई मटारसुद्धा तसेच सोलत. आधी सगळ्या शेंगांची टोकं, मग सगळ्यांच्या शिरा, मग दाणे. तर त्यांनी आधी सहाही बाटल्यांची चंदेरी पन्नी सोलली होती. मग अश्वजितच्या पक्कडीने सहाही तारेच्या टोप्या काढून ठेवल्या होत्या. एक बाटली एका वेळी उघडणारं माणूस असतं तर पहिल्याच बुचाने त्याला शहाणं केलं असतं. इथे सहा बाटल्या तार काढून उन्हात तापत होत्या आणि त्यांना धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं. आता तिसरी क्रिया. पहिली बाटली दोन गुडघ्यांत धरून भीमाबाई मोरीवर वाकल्या होत्या आणि घासलेटच्या बाटलीचं बूच काढावं तसं भाजीच्या सुरीचं टोक कडेने घालत होत्या. सगळी वंदनेआधी मोरीत ओतायची होती.

शेजारी दीना बसलेली. तिच्या हातात खेळायला एक तारेची टोपी.

प्राचीच्या हातातला बर्फ पडला. तिने आधी पोर उचलली. पोर छातीशी धरून, पाठ बाटल्यांकडे करून ती म्हणाली, आणि हे ती ओरडून म्हणाली नाही, वर्गात सांगतात तसं म्हणाली:

"आई, तोंड बाजूला घ्या. सुरी सोडा. अंगठा ठेवा बुचावर, अंगठा."

भीमाबाईंनी मान वर केली नाही.

"तू नको शिकवूस. रोज तोंड भरून येतेस, आता मला शिकवतेस."

"आई, बाजूला व्हा."

या सुनेचं एकही अक्षर ऐकायचं नाही, हे भीमाबाईंचं पहिल्या संध्याकाळपासून ठरलेलं होतं. प्राची म्हणाली बाजूला, म्हणून त्या आणखी जवळ झाल्या. बुचाखाली एवढं काय लपवलंय ते बघावं तशा वाकल्या.

आवाज फार मोठा नव्हता. दाराची कडी पडावी एवढाच. भीमाबाई किंचाळल्या नाहीत. त्या नुसत्या मागे बसल्या, डावा हात डाव्या डोळ्यावर गेला, आणि बाटली गुडघ्यांतून निसटून मोरीत लवंडली. पांढरा फेस साडीवरून, पायांवरून, फरशीवरून वाहत गेला. तोच ओळीतलं दुसरं बूच आपोआप उडालं आणि पत्र्याला लागलं. मग तिसरं. प्राची दीनाला घेऊन दारामागे झाली. बाकीची उडेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. सगळं अंगण बब्बूगोशाच्या वासाने भरून गेलं, आणि या वेळीही आपल्या नाकाला तो वास ओळखू यावा याची तिला शिसारी आली.

द्वारकाबाई धावत आल्या. रिक्षा आली. समोरच्या दाराशी भंतेजी चप्पल काढत होते, आणि पांढऱ्या साड्यांमधल्या बायकांनी बघितलं ते एवढंच, की भीमाबाईंच्या अंगाला दारूचा वास येत होता. डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरनेही आधी नाक मुरडलं आणि विचारलं, आज्जी, किती घेतली होती? भीमाबाई आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्यापुढे तोंड उघडून उभ्या राहिल्या. तेव्हा प्राचीला मजा वाटायला हवी होती. वाटली नाही.

डोळ्याच्या आत रक्त साकळलं होतं. ते उतरलं, पण आतला दाब वाढलेला राहिला. डाव्या डोळ्याला नुसता उजेड आणि सावली एवढं दिसतं. उजव्यात आधीपासून मोतीबिंदू, आणि त्याचं ऑपरेशन करून घ्यायला बाई तयार नाहीत. डॉक्टरने थेंब दिले आणि बजावलं की ते सकाळ-संध्याकाळ, न चुकता, मरेपर्यंत. थेंब चुकले तर उरलेला उजेडही जाईल आणि डोळा इतका ठणकेल की काढावा लागेल.

अच्युतजींना फोन केला तेव्हा त्यांनी आधी बाटल्यांचं विचारलं, मग पोरीचं. सासूचं विचारलंच नाही. नोकरी मात्र राहिली, कारण सोमवारी बोलायला दुसरं कोणी नव्हतं.

भीमाबाईंनी गल्लीत सांगितलं, आणि आजही सांगतात, की सुनेने दारूच्या बाटलीने माझा डोळा फोडला. माझ्याकडे बघितलं नाही, पोर उचलून पळाली. यातलं दुसरं वाक्य खरं आहे. पुन्हा तशी वेळ आली तरी प्राची पोरच आधी उचलेल, आणि हे तिने अश्वजितला तोंडावर सांगितलं. पट्टी निघाल्यावर भीमाबाईंनी या वेळी पिशवी दारात ठेवली नाही, सरळ उचलली. मिलच्या चाळीत नथूंच्या नावाची खोली अजून होती. तिथे निम्म्या खोल्यांना कुलपं, बाकीच्यांना रिकामं करायच्या नोटिसा. अश्वजितने आईला स्कूटरवर बसवून तिथे सोडलं. आता दीना दिवसभर द्वारकाबाईंकडे असते. संध्याकाळी प्राची आली की द्वारकाबाई पोर लगेच हातात देतात. दारात तिचं तोंड हुंगायला कोणी नसतं. तरी ती आधी नळावर चूळ भरते.

प्राची चाळीत दोनदा गेली. पहिल्यांदा आतून विचारलं, कोण? तिने सांगितलं, मी. कडी लागली. दुसऱ्यांदा ती थेंबांची नवी शीशी घेऊन गेली, तर भीमाबाई दार उघडून बाहेर आल्या आणि ओट्यावरच्या बायकांसमोर म्हणाल्या, "एक राहिलाय, तो न्यायला आलीस?" शीशी तिच्या हातातच राहिली. तीही तिथे जे बोलली ते सुनेने बोलायचं नसतं. तेव्हापासून शीशी अश्वजित नेतो. तो येऊन सांगतो, ठीक है. मिल बंद पडली तेव्हाही तो ठीक है म्हणाला होता.

प्रेमबिम काही नाही. ती बाई तिला जे बोलली ते प्राची विसरलेली नाही आणि विसरणारही नाही. पण कोणी मिल एरियाकडे निघालं की ती त्याला थांबवते आणि एक काम सांगते. तेच काम तिला तुम्हालाही सांगायचं आहे. तुम्ही त्या बाजूला गेलात तर चाळीच्या मागच्या ओळीत, बंद नळाच्या समोरच्या खोलीत भीमाबाईंना बघून या. दार वाजवलं की त्यांच्या उजव्या हाताला उभे राहा, डावीकडचं त्यांना दिसत नाही आणि त्या दचकतात. पाणी मागा, म्हणजे आत घेतील. थेंबांची शीशी माठाशेजारी गारव्याला ठेवलेली असेल. ती उजेडाकडे धरून बघा. थेंब कमी होतायत, की शीशी अश्वजितने नेली तशीच भरलेली आहे, तेवढं बघा. भरलेली असेल तर त्यांना खाली बसवा, मान मागे करायला सांगा आणि थेंब तुम्हीच घाला. तुमचं त्या ऐकतील. प्राचीचं नाव तेवढं काढू नका.